एक दिवा, अनेक पाठ

सन १८३४ पासून करारबद्ध मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत आले. पुढे त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही सामील झाली. कालांतराने मजुरांच्या वस्त्यांतून ‘बैठका’ नावाची सायंशाळा भरू लागली. गुरुजी एक, शिष्य मात्र नानाविध! अक्षरे गिरविणारा बालक, जोडाक्षरांशी अडखळणारा त्याचा थोरला भाऊ आणि पोथी वाचू लागलेला किशोर एकाच दिव्याभोवती बसत.

मायदेशीच्या गावठी शाळांतही हीच रीत होती. धूळपाटीवर प्रत्येक जण आपापल्या गतीने शिके. पुढे गेलेला मागच्यास शिकवी. मद्रासकडील अशी शाळा पाहून अँड्र्यू बेल यांनी ही रीत तेथील अनाथाश्रमात चालविली आणि १७९७ मध्ये लंडनात तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून गाजली.

तीत उणीवही होती. धाकट्यास शिकविताना थोरल्याचा स्वतःचा पाठ खोळंबे. गुरुजींची छडीही असे; परंतु इयत्ताच नसल्याने नापासाचा शिक्का नसे. मायबोली परमुलखात तगली ती केवळ बुद्धिमंतांमुळे नव्हे. अडखळणाऱ्याचाही हात कोणीतरी धरिला, म्हणून.