बैलघोडा इस्पितळातलं कुत्रं

आम्ही काळाचौकीच्या बचत गटांतल्या बाया. आमच्यातल्या बऱ्याच जणींचं माहेर नाहीतर सासर कोकणात किंवा साताऱ्याकडे आहे. गणपतीला आणि मे महिन्यात आम्ही गावी जातोच. त्यामुळे चाळीच्या जिन्याखाली झोपणारं कुत्रं आम्हाला ठाऊक आहे आणि खळ्यावर राखण करणारंही. आज त्याच कुत्र्याच्या तब्येतीविषयी आणि निगेविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, ही तर बंगलेवाल्यांची हौस! पण आमच्या भागाचा इतिहास वेगळंच सांगतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

काळाचौकीहून लालबागमार्गे परळकडे चालत निघालं की आचार्य दोंदे मार्गावर जनावरांचं एक जुनं इस्पितळ लागतं. पाटीवर नाव आहे बाई सकरबाई दिनशॉ पेटिट इस्पितळ. पण टॅक्सीवाल्याला एवढं लांब नाव कोण सांगतं? गिरणगावात सगळे त्याला ‘बैलघोडा’ म्हणतात. याच भागात केईएम आहे, टाटा आहे, हाफकिन आहे. केईएम सुरू झालं १९२६ साली, टाटा १९४१ साली. बैलघोडा त्या दोघांच्याही आधीचं. माणसांच्या मोठ्या इस्पितळांआधी इथे जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं, हे ऐकून आमच्या गटातल्या बायकाही चकित झाल्या. आणि गंमत बघा, नावात बैल आहे, घोडा आहे, पण कुत्रं नाही. कुत्र्याला पेशंट समजायला या शहराला वेळ लागला. त्याआधी बराच काळ त्याच्यावर एकच इलाज ठरलेला होता, तो म्हणजे मारून टाकणं.

इंग्रज सरकारने १८१३ साली मुंबईत नियम केला की उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारायची. उन्हाच्या तडाख्याने कुत्री पिसाळतात अशी तेव्हा समजूत होती. पुढे मारण्याची मुदत वाढवली आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागलं. आठ आणे म्हणजे त्या काळी थोडेथोडके नव्हेत. मग मारणारे मोकाट कुत्रं कुठलं आणि पाळलेलं कुठलं, हे कशाला बघत बसतील? घरादारांतली कुत्रीही त्यात जाऊ लागली.

पारशी लोकांत कुत्र्याला फार मान. माणूस गेला की मृतदेहाला कुत्र्याची नजर लागावी, असा त्यांचा विधी आहे. त्याला सगदीद म्हणतात. ६ जून १८३२ रोजी कोट भागात पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या पोलिसांना अडवलं, मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. जैन, वैष्णव आणि इतरही काही लोक त्यांना सामील झाले, आणि कुलाब्याच्या लष्कराकडे जाणारं धान्य-सामानही अडलं. कुत्र्यांपायी मुंबई बंद! त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरजवळ पांजरापोळ उभारला. तिथे भटक्या जनावरांना आसरा मिळाला, चारा मिळाला. पण आसरा निराळा आणि औषधपाणी निराळं.

औषधपाण्याची गरज शहराला पटली ती कष्टकरी जनावरांमुळे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामा १८७४ साली सुरू झाल्या, आणि प्राण्यांचे हाल थांबवण्यासाठी संस्थाही त्याच साली स्थापन झाली. गिरण्यांचा, गोदीचा सगळा माल बैलगाडीवर. जूं घासून मान सोललेली, खूर फाटलेले, तरी बैल जुंपलेलाच. असा बैल आजारी पडला तर गाडीवानाची चूल बंद. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी देणगी दिली आणि १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्यांच्या पत्नी सकरबाई यांच्या नावाने हे इस्पितळ उभं राहिलं. पुढे १८८६ साली तिथेच जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज निघालं, ते आजचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. एका बाईचं नाव असलेल्या या जागेत आता मुलीही मोठ्या संख्येने डॉक्टर होतात. घोड्यांच्या ट्रामा १९०५ साली बंद पडल्या, पुढे बैलगाड्याही गेल्या. आज बैलघोड्याच्या दारात बघाल तर रांगेत जास्तीत जास्त कुत्री आणि मांजरं.

आता पिसाळण्याची गोष्ट. १८८५ च्या जुलैत फ्रान्समध्ये एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेली. मुलाचं नाव जोसेफ मेस्टर. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला खूप ठिकाणी चावलं होतं. पाश्चर यांनी तोवर ही लस माणसाला देऊन तिचा गुण सिद्ध केलेला नव्हता. तरी मुलाला टोचली, आणि मुलगा जगला. आपल्या देशात हे उपचार देणारी संस्था १९०० साली हिमालयात कसौलीला निघाली. तिथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून लस केली. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ म्हणून आपल्या आया-आज्या जिचं नाव काढून घाबरवायच्या, ती हीच. आमच्या शेजारच्या हाफकिनमध्येही ती तयार होत असे. २००० नंतर काही वर्षांतच ती देशात बंद झाली. आता दंडात चार-पाच सुया, बस्स. पण पोटातल्या चौदा सुयांची भीती अजून गेलेली नाही, आणि त्या भीतीपायी लोक मुलाला दवाखान्यात नेत नाहीत. मंत्र घालणारा, चाव्यावर मिरची भरणारा, तांब्याचं नाणं बांधणारा शोधतात. पिसाळण्याचा रोग एकदा अंगात उठला की त्यावर जवळजवळ इलाजच नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं या रोगाने जातात आणि त्यांतली ४० टक्के पंधरा वर्षांच्या आतली मुलं असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून आम्ही ही हौसेची गोष्ट मानत नाही.

कुत्री मारून हा रोग हटला का? मुंबई पालिकेनेही वर्षानुवर्षं कुत्री मारली. उकिरडा तसाच राहिला तर एक गेलं की त्याच्या जागी बाहेरून दुसरं येतंच, आणि ते लस न टोचलेलं असतं. शेवटी १९९४ च्या सुमारास पालिकेने मारणं सोडून नसबंदीचा रस्ता धरला. पुढे २००१ साली केंद्र सरकारने तसे नियम केले. रोग अडतो तो लसीने. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली तर तो पुढे पसरू शकत नाही, हे ठिकठिकाणी दिसून आलं आहे. आणि उन्हाचा काही संबंध नाही. कुत्रं थंडीतही पिसाळतं, पावसाळ्यातही.

आता रोजच्या निगेकडे येऊ. हात लावला तरच रोग कळतो, आणि कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवणं एरवीही आपल्याच वाट्याला येतं. पिलू तीन महिन्यांचं झालं की पिसाळण्याविरुद्धची पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची, आणि मग दरवर्षी एक. त्याआधी, दीड-दोन महिन्यांपासून, इतर रोगांच्या एकत्र लसी सुरू होतात. त्यात पार्वो नावाचा रोग येतो. पिलाला उलट्या होतात, रक्ताचे जुलाब होतात आणि ते दोन-चार दिवसांत जातं. १९७८ च्या सुमारास हा रोग जगभर पसरला, त्यामुळे आजीच्या औषधांत त्यावर उतारा सापडणार नाही. जंताचं औषध पिलाला पहिल्या महिन्यातच सुरू करायचं, आणि मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी एकदा. पिलांचे जंत अंगणात रांगणाऱ्या मुलांच्या पोटातही जातात, हे लक्षात असू द्या.

आंघोळ रोज नको. महिन्यातून एक-दोनदा पुरे. आपला साबण, त्यातही कपड्यांचा, त्याच्या कातडीला सोसत नाही. कानात पाणी जाऊ देऊ नका, आणि पावसाळ्यात कान व बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. कान खाली पडणाऱ्या कुत्र्याच्या कानाला आठवड्यातून एकदा नाक लावून बघा. घाण वास आला तर आत काहीतरी पिकलं आहे. मोकळं फिरणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, पण पायाच्या आतल्या अंगाचं अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही. ते वळून मांसात घुसतं आणि कुत्रं लंगडतं. आपण मात्र काटा शोधत बसतो. केसाळ कुत्रं असेल तर विंचरा, उन्हाळा म्हणून गोटा करू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकतं. म्हणून सावली आणि पाण्याचं भांडं जास्त कामाचं.

गोचीड ही खरी डोकेदुखी. कानात, मानेखाली, बोटांच्या मध्ये बघायची. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही. गोचीडतापात कुत्रं खात नाही, सुस्त पडतं, हिरड्या पांढुरक्या होतात, कधी नाकातून रक्त येतं, लघवी चहासारखी होते. ओठ वर करून हिरडी बघायला दोन सेकंद लागतात. गावात आम्ही काय काय बघितलं आहे! गोचिडीला रॉकेल, खरजेला गाडीचं जळकं ऑइल, नाहीतर फवारणीचं उरलेलं औषध. कुत्रं अंग चाटतं, मग ते सगळं पोटात. रॉकेलने कातडी भाजते, आणि फवारणीच्या औषधाने कुत्रं मरतं. खरजेवर चांगली औषधं गुरांच्या दवाखान्यात मिळतात. खरूज आपल्यालाही लागू शकते, तेव्हा उशीर नको.

खाण्याचं म्हणाल तर भाकरी-दूध हे पोट भरायला झालं. त्यात अंडं, मासळी, शिजवलेली डाळ असं काही मिळालं तर बरं. कांदा-लसूण घातलेली आमटी, मनुका, चॉकलेट मात्र नको. गणपतीत लाडू कौतुकाने भरवतात, पण त्यातले बेदाणे त्याच्या मूत्रपिंडाला बाधू शकतात. आणि आपली तापाची, अंगदुखीची गोळी तर मुळीच नाही. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तुपाची वाटी आम्हाला आवडते, पण लसीचं कार्डही घेऊन धावावं एवढंच आमचं म्हणणं.

एक गोष्ट फार जपून. कुत्र्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना, की घशात हाड अडकलं असं वाटून कुणीतरी तोंडात हात घालतं. घालू नका. त्याला एकटं सोडा, मुलांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. चावलं किंवा ओरखडलं, अगदी आपलंच पिलू असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग सरकारी दवाखाना. हळद, चुना, मिरची काही नको. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत टोचायचं सीरमही लागतं, ते मागून घ्या. सगळ्या तारखा पुऱ्या करा. दुसऱ्या सुईनंतर ‘बरं वाटतंय’ म्हणून थांबायचं नाही.

पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी गेले. हा दिवस आता जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात आणि त्या सुमारास पुष्कळ गुरांच्या दवाखान्यांत कुत्र्यांना मोफत लस टोचतात. तुमच्या गावात पशुसखी असेल तर तिला आधी विचारून ठेवा, नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यात चौकशी करा. आमच्या गटाने बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर गल्लीतल्या कुत्र्यांची यादी केली आहे: रंग, खूण, लस कधी, नसबंदी झाली का. नावं मुलांनी ठेवली आहेत, त्यामुळे यादीत दोन वाघ्या आणि तीन मोती आहेत. खूण लिहिलेली बरी.