दोन गाद्या आणि नाडीचा ठोका

एका राज्याचीं दोन स्थानें असलीं, तर एकाची खुशाली दुसऱ्यास कळावी कशी, हा प्रश्न कोल्हापूरच्या इतिहासाच्या मुळाशीं आहे. आजच्या संगणककेंद्रांपुढेंहि तोच प्रश्न असतो. महत्त्वाचें काम दोन गांवच्या यंत्रांवर सोंपविलेलें असतें. तीं ठराविक वेळानें एकमेकांस आपण चालू असल्याचा लहानसा संदेश धाडतात. त्यास हृदयाचा ठोका म्हणतात. लागोपाठ कांहीं ठोके चुकले, कीं राखीव यंत्र कारभार हातीं घेतें.

मार्च १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाला आणि रायगडास वेढा पडला. राजाराम महाराज निसटून पन्हाळ्यास व तेथून पुढें दूर जिंजीस गेले. महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्य यांस ‘हुकुमतपनाह’ हा अधिकार देऊन सोंपविण्यांत आला. विशाळगड हें त्यांचें मुख्य ठाणें होतें. जिंजीचें पत्र वाटेंत अडलें, तरी इकडील काम अडण्याचें कारण राहिलें नाहीं. धनी कोण, याविषयीं मात्र दोन्ही ठिकाणीं संशय नव्हता, म्हणून राज्य तगलें.

रायगड त्याच वर्षीं पडला. येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेंत गेले. १७०० सालीं राजाराम महाराज वारले. तेव्हां ताराबाईंनीं आपल्या पुत्रास गादीवर बसवून औरंगजेबाशीं झुंज चालू ठेविली. त्या वेळीं स्वस्थ बसणें म्हणजे राज्य बुडविणेंच होतें.

परंतु १७०७ सालीं शाहू महाराज सुटून आले. ताराबाईंनीं त्यांस तोतया ठरविलें. परसोजी भोसले यांनीं एका ताटांत जेवून त्यांची ओळख पटविली, असें परंपरा सांगते. तरीहि त्याच वर्षीं खेड येथें मराठे मराठ्यांशीं लढले. सातारा आणि पन्हाळा अशा दोन गाद्या झाल्या. कान्होजी आंग्रे यांच्यासारखे सरदारहि प्रथम ताराबाईंकडे आणि पुढें शाहू महाराजांकडे गेले.

यंत्रशास्त्रांत या स्थितीस मेंदू दुभंगणें म्हणतात. दोन्ही यंत्रें धडधाकट असतात, मधला दुवा तेवढा तुटतो. प्रत्येक जण दुसऱ्यास मृत समजून एकाच खात्यांत वेगळा हिशेब लिहितो. म्हणून तिसऱ्या ठिकाणीं एक साक्षीदार ठेवितात. ज्यास त्याचा कौल मिळेल त्यानेंच चालावें, इतरानें थांबावें. सातारा-पन्हाळ्यास दोघांनींहि मानावा असा साक्षीदार मिळाला नाहीं. अखेर १३ एप्रिल १७३१ रोजीं वारणेच्या तहानें खातेंच विभागलें आणि वारणा नदी ही सीमा ठरली. त्या तहानें मान्य झालेलें कोल्हापूरचें वेगळें राज्य १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत टिकलें.