ऑनलाइन बहुखेळाडू खेळांच्या निर्मितीचे शिक्षण : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि रायगड जिल्ह्यातील पनवेल व उरण तालुक्यांतील अनेक गावे नवी मुंबई प्रकल्पात आली. १९८९ मध्ये लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. अशा रीतीने संगणकविद्या उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीच्या उंबरठ्यावर आली. येथील युवक आज मोबाइलवर जे खेळ एकत्र खेळतात, ते घडविण्याची विद्या त्यांनी कोणत्या क्रमाने शिकावी, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखात त्या विद्येच्या इतिहासात शोधले आहे.

विद्येचा उगम

१९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ हा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती. खेळाडू आज्ञा टंकलिखित करीत. खेळाचे संपूर्ण जग एकाच मध्यवर्ती संगणकात असल्याने प्रत्येकास तेच जग दिसे. १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’चा सोर्स कोड खुला केला. तो वाचून व त्यात बदल करून अनेक देशांतील विद्यार्थी ही विद्या शिकले. स्वतंत्र अभ्यासक्रम निर्माण होण्यापूर्वी खुला कोड हाच त्यांचा गुरू होता.

वेगाचा प्रश्न

१९९६ मध्ये आलेल्या ‘क्वेक’ या नेमबाजीच्या खेळाने नवी अडचण पुढे आणली. खेळाडूने कळ दाबल्यावर संदेश सर्व्हरकडे जाऊन परत येईपर्यंत त्याचे पात्र हलत नसे. मोडेमवर हा विलंब असह्य होई. त्याच वर्षअखेरीस आलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’ या आवृत्तीत खेळाडूचा संगणक हालचालीचा अंदाज करून ती लगेच दाखवू लागला आणि चूक झाल्यास सर्व्हर ती दुरुस्त करू लागला. १९९९ मध्ये क्वेकचा कोडही खुला झाला. सर्वांसाठी एकच जग राखण्याची विद्या आधी आली, विलंब लपविण्याची नंतर.

सारीपाटाचा धडा

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा जनतेस खुली केली. १९९९ मध्ये मुंबईत ‘इंडियागेम्स’ ही संस्था उभी राहिली. तेथे काम केलेल्या विकास जयस्वाल यांनी पुढे नवी मुंबईत ‘गेमेशन’ स्थापन केली व २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ हा खेळ आणला. पचिसीपासून इंग्लंडमध्ये घडलेला लुडो हा मराठी घरांतील सारीपाटाचाच आप्त होय. २०२० च्या टाळेबंदीत दुरावलेली कुटुंबे या पटावर एकत्र आली.

सारीपाटावर फासे सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतात. ऑनलाइन पटावर हा विश्वास कोडमधून निर्माण करावा लागतो. फाशाचे दान खेळाडूच्या फोनवर ठरले, तर त्यात लबाडी शक्य होते. म्हणून दान सर्व्हरवर टाकणे आणि प्रत्येक चाल नियमात बसते की नाही हेही तेथेच तपासणे श्रेयस्कर ठरते. पाळीचा खेळ असल्याने एखाद्या सेकंदाचा विलंब रसभंग करीत नाही. मात्र जोडणी तुटल्यास सोंगट्यांची स्थिती जपणे, पाळीस कालमर्यादा घालणे आणि परतलेल्या खेळाडूस तोच डाव पुन्हा दाखविणे आवश्यक असते. पावसाळ्यात वीज किंवा नेटवर्क गेल्याचा अनुभव असलेल्या विद्यार्थ्यास या गरजा वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

समारोप

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली व ई-स्पोर्ट्ससारख्या खेळांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. अशा वेळी केवळ आकर्षक चित्रांपासून शिक्षणास प्रारंभ करणे इतिहासाशी विसंगत ठरेल. प्रथम मजकुराचा खेळ, नंतर सारीपाटासारखा पाळीचा खेळ आणि शेवटी वेगवान खेळ, हा क्रम या विद्येने स्वतःच घालून दिला आहे. त्यातील पहिल्या दोन पायऱ्यांसाठी एक साधा संगणक, खुला कोड आणि चार सहाध्यायी पुरेसे असतात. ही साधने अलिबाग वा मुरुडच्या महाविद्यालयासही अप्राप्य नाहीत.