आरक्षण असलेली जागा विकता येते का?

भोईवाड्यात जुनी चाळ किंवा प्लॉट घ्यायचा म्हटलं की आधी प्रॉपर्टी कार्ड मागितलं जातं. त्यावर मालकाचं नाव, क्षेत्रफळ असतं. पण महापालिकेने तिथे बाग, शाळा किंवा रस्तारुंदी ठरवली आहे का, हे कळतं डीपी रिमार्कमधून. सी.एस. क्रमांक देऊन तो महापालिकेकडून मिळतो. नेमका तोच बघायचा राहून जातो.

आरक्षण म्हणजे संपादन नव्हे. मालकी मालकाचीच राहते, विक्रीला बंदी नसते, खरेदीखतही नोंदवता येतं. मात्र आरक्षण जमिनीसोबत नव्या मालकाकडे जातं आणि त्याच्या मनासारखं बांधकाम अडतं.

मग किती वर्षं थांबायचं? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 127 सांगतं: अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. मुंबईचा 2034 चा आराखडा, काही भाग वगळता, 1 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे.

पूर्वी ही मुदत 6 महिन्यांचीच होती. दक्षिण मुंबईतल्या डॉ. हकीमवाडीसाठी 1977 मध्ये अशी नोटीस गेली, तेव्हा महापालिकेने मालकीचा तपशील मागवला आणि मुदत तो मिळाल्यावर सुरू होते, असा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: मुदत नोटीस पोचल्यापासूनच. आता मालकीची कागदपत्रं नोटिशीसोबतच जोडावी लागतात. पोचपावती मात्र जपून ठेवायची.