वायद्याच्या व्यापारांत कागद सोंपविण्याचें बंधन

सौद्यांत माल द्यावा लागतो हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु कित्येक सौद्यांत कागद देणें हेंच मुख्य कर्तव्य असतें, इकडे अभ्यासकांचें लक्ष क्वचितच जातें. आमच्या स्मृतिकारांनीं लेख्याचें महत्त्व पुरतें ओळखिलें होतें. ऋण फिटल्यावर लेख फाडून टाकावा असें याज्ञवल्क्य सांगतो. वायद्याच्या व्यापारांत मात्र कागदाचें काम ह्याहून निराळें आहे.

जपानांतील ओसाका येथील दोजिमा बाजारास शोगुन योशिमुने याच्या सरकारनें १७३० सालीं मान्यता दिली. करापोटीं आलेला तांदूळ सरंजामदार ओसाका येथील आपल्या कोठारांत आणून विकीत. घेणारास मिळे ती चिठ्ठी, सामान्यतः दहा कोकूंची, म्हणजे सुमारें १८०० लिटर तांदळाची. ती हातोहात फिरे, आणि चिठ्ठी सोंपविली कीं तांदूळ सोंपविला असें मानीत. शेजारींच वहीवरील वायदे चालत. त्यांत चिठ्ठी सहसा हलत नसे, भावांतील फरक तेवढा चुकता होई. तथापि वहीला आधार चिठ्ठीचा आणि चिठ्ठीला कोठाराचा. हा शेवटचा आधारच डळमळूं लागला. द्रव्याच्या अडचणींत सांपडलेले सरंजामदार कोठारांत नसलेल्या तांदळाच्याही चिठ्ठ्या काढूं लागले. हें वस्तुतः बिनबोभाट काढलेलें कर्जच होय. १७६१ सालीं शोगुनाच्या सरकारनें अशा पोकळ चिठ्ठ्यांस मनाई केली. १८७१ सालीं संस्थानेंच खालसा झालीं, तेव्हां त्यांच्या चिठ्ठ्यांचा पाया उरला नाहीं.

आजच्या वायदेबाजींतील कागद मालाचे नव्हत, माणसाचे आहेत. इस्डा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९२ व २००२ च्या नमुना-करारांतील चौथें कलम उभय पक्षांवर दोन जातींचे कागद देण्याचें बंधन घालतें: करविषयक पत्रकें, आणि परिशिष्टांत नमूद केलेले इतर दस्तऐवज, उदाहरणार्थ वार्षिक हिशेब किंवा सही करणाराच्या अधिकाराचा पुरावा. दुसऱ्या जातीचा कागद राहिला आणि सूचना मिळूनही तीस दिवसांत उणीव भरून निघाली नाहीं, तर ती कसूर ठरते व समोरच्या पक्षास सर्व सौदे मोडतां येतात. करपत्रकांस मात्र हा नियम लागू नाहीं. वरकरणीं ही सवलत विचित्र भासते. पण कलम लिहिणारे धोरणी होते. पत्रक न दिल्यामुळें कर कापला गेला, तर कापलेली रक्कम समोरच्यानें भरून द्यावी असें त्या पक्षास म्हणतां येत नाहीं. शिक्षा त्याच्याच येण्यांतून वळती होते.