एकाच बंदरावर उतरलेले दोन समाज : नाताळातील गिरमिटिये आणि व्यापारी

परमुलखात जाऊन राहिलेल्या लोकांबद्दल बोलताना आपण फार लवकर निकाल देऊन मोकळे होतो. अमका समाज जाईल तेथे दुकान मांडतो, पैशाला पैसा जोडतो. तमका समाज जाईल तेथे ओझीच वाहतो. मग कारण विचारले की आपण म्हणतो, ‘ते रक्तातच असावे लागते.’ हे उत्तर सोपे आहे, आणि म्हणूनच त्याची परीक्षा घेतली पाहिजे. अशी परीक्षा घ्यायची तर दोन समाज असे हवेत की जे एकाच देशातून, एकाच काळात, एकाच सरकारच्या अमलाखाली नव्या भूमीवर उतरले. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत असे दोन समाज आपल्याच देशातून गेले होते. एक गिरमिटिया मजुरांचा, दुसरा स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेलेल्या व्यापाऱ्यांचा. या दोघांचा संसार कसा चालला, हे आज आपण पाहू.

नाताळच्या किनाऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उसाची लागवड सुरू झाली. जमीन होती, पाऊस होता, गोऱ्या मळेवाल्यांजवळ थोडेफार भांडवलही होते. नव्हते ते बारमाही राबणारे हात. तेथल्या झुलू लोकांजवळ स्वतःची शेती आणि गुरेढोरे होती. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या मळ्यात बांधून घेण्याचे त्यांना कारण नव्हते. तेव्हा मॉरिशसमध्ये जो प्रयोग आधीच चालला होता तोच येथे करावा असे मळेवाल्यांनी ठरविले आणि 1859 साली तसा कायदा झाला. 16 नोव्हेंबर 1860 रोजी ‘ट्रूरो’ हे जहाज मद्रासहून मजूर घेऊन डर्बन बंदराला लागले. त्या दिवसापासून 1911 पर्यंत एक लाख बावन्न हजारांवर माणसे अशा रीतीने नाताळात उतरली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मद्रासकडून गेलेली, बाकीची कलकत्त्याहून गेलेली बिहार आणि संयुक्त प्रांताकडील.

या मजुराने ज्या कागदावर अंगठा उठवला त्या ‘अॅग्रीमेंट’चा आपल्या लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला. त्या कागदात काय होते? पाच वर्षांची बांधिलकी. पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, पुढे दर वर्षी एका शिलिंगाची वाढ. म्हणजे पाचव्या वर्षी चौदा. शिवाय शिधा, राहायला खोपटे आणि आजारात औषध. कागदावर हे वाईट दिसत नाही. पण मालक कोण हे मजुराच्या निवडीचे नव्हते; मळा सोडून बाहेर जायचे तर मालकाची चिठ्ठी लागे; गैरहजेरीबद्दल पगार कापला जाई; आणि काम सोडून निघून जाणे हा साधा करारभंग नसून फौजदारी गुन्हा होता. बाजारात दुसरीकडे मजुरी वाढली तरी या माणसाला तिचा काही उपयोग नव्हता. श्रम हीच ज्याची एकमेव पुंजी, त्याला ती पुंजी पाच वर्षे बाजारात नेण्याची बंदी होती. गिरमिटाचे खरे आर्थिक स्वरूप हे असे आहे.

आता दुसऱ्या समाजाकडे वळू. 1870 नंतरच्या दशकात पोरबंदरचे मेमण व्यापारी अबूबकर आमद मॉरिशसकडून नाताळात आले आणि त्यांनी डर्बनला दुकान घातले. त्यांच्यामागून काठेवाडचे मेमण, सुरतेकडील व्होरा, गुजराती हिंदू असे लोक येत गेले; आपल्या कोकणातील काही मुसलमान कुटुंबेही दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत जाऊन राहिली. संख्येने हे लोक गिरमिटियांच्या मानाने मूठभर. पण त्यांच्यावर गिरमिट नव्हते, आणि त्यांच्यामागे मुंबई, पोरबंदर, मॉरिशस अशी पेढ्यांची साखळी होती.

या व्यापाराची घडण समजून घेण्यासारखी आहे. वर एखादा मोठा आयात करणारा सावकार-व्यापारी. त्याच्याकडून उधारीवर माल उचलणारे लहान दुकानदार, आणि त्यांच्याकडून गाठोडे घेऊन मळ्यामळ्यांवर, खाणीखाणींवर हिंडणारे फेरीवाले. दुकानातला गुमास्ता गावचाच, बहुधा नात्यातला. तो दुकानातच जेवायचा, दुकानातच झोपायचा, आणि चार-सहा वर्षांनी शेटजींच्या उधारीवर स्वतःचे दुकान घालायचा. नफा थोडा, खप मोठा, खर्च जवळजवळ नाही, अशा हिशेबापुढे गोऱ्या दुकानदाराचा टिकाव लागेना. यात हुशारी होती, काटकसर होती, हे कोण नाकारील? पण या हुशारीला पाय ठेवायला जागा दिली ती उधारीने, आणि उधारी मिळाली ती नात्याच्या, गावाच्या ओळखीवर. मद्रासहून एकट्या निघालेल्या मजुराला डर्बनच्या धक्क्यावर ओळखणारे कोण होते?

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. या दुकानांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे गिरमिटियाच. तांदूळ, डाळ, मसाला, कापड, भांडी त्याला लागत, आणि ती गोऱ्याच्या दुकानात नसत. पुढे झुलू गिऱ्हाईकही आले. म्हणजे मळ्यावरच्या दहा शिलिंगांतूनच दुकानाचा गल्ला भरू लागला. दोन समाज वेगळे राहत, वेगळे जेवत, वेगळ्या भाषा बोलत. पण त्यांची अर्थव्यवस्था एकमेकींत गुंतलेली होती. तरीही गोऱ्यांनी सर्वांना सरसकट ‘कुली’ म्हणू नये म्हणून मुसलमान व्यापारी स्वतःला ‘अरब’ म्हणवीत आणि पारशी स्वतःला ‘इराणी’.

दोघांतील अंतर आकड्यांत मोजायचे तर एक उदाहरण पुरे. 1893 साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने एका खटल्याच्या कामासाठी एक तरुण बॅरिस्टर बोलावून घेतला. वर्षभराच्या कामाचे 105 पौंड आणि जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे, असा ठराव होता. गिरमिटियाची पहिल्या वर्षाची सबंध कमाई 120 शिलिंग, म्हणजे 6 पौंड. तो बॅरिस्टर म्हणजे मोहनदास करमचंद गांधी, हे सांगायला नकोच.

मग गिरमिटिया मजूरच राहिला काय? मुळीच नाही. पाच वर्षे संपताच मोकळ्या झालेल्या माणसांनी डर्बनच्या आसपास जमिनीचे तुकडे खंडाने घेतले आणि भाजीपाला पिकवायला सुरुवात केली. नवरा-बायको, पोरे सगळी वाफ्यात. पहाटे टोपल्या डोक्यावर घेऊन ती शहरात येत आणि दारोदार भाजी विकत. कोणी मासेमारीत गेले, कोणी रेल्वेत, कोणी कोळशाच्या खाणीत, कोणी हॉटेलात. 1885 ते 1887 या काळात न्यायमूर्ती रॅग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. या मुक्त हिंदी लोकांच्या उद्योगामुळे वसाहतीचा फायदाच झाला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता; गोऱ्यांच्या चिडीचे मूळ मुख्यतः व्यापाऱ्यांच्या स्पर्धेत आहे, असेही त्याला आढळले. म्हणजे संधी मिळाली तेव्हा ‘रक्तात’ नसलेला धंदा या लोकांच्या अंगी चटकन आला.

पण मळेवाल्याला मजूर हवा होता, मोकळा शेजारी नको होता. सुरुवातीला परतीच्या भाड्याऐवजी सरकारी जमीन देण्याची सवलत कायद्यात होती. ती 1891 मध्ये काढून घेतली. 1895 साली तर असा कायदा झाला की यापुढे गिरमिटावर येणाऱ्याने मुदत संपल्यावर पुन्हा गिरमिट तरी लिहून द्यावे, हिंदुस्थानात परत तरी जावे. नाहीतर राहण्याबद्दल दर साल 3 पौंड कर भरावा. 1903 मध्ये सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुली यांनाही तो लागू केला. हिशेब करून पाहू. महिना चौदा शिलिंग मिळविणाऱ्याचे वर्षाचे होतात 168 शिलिंग. नवरा, बायको आणि दोन वाढती मुले, असा चौघांचा कर 240 शिलिंग. ज्या कराची रक्कम कमाईहून मोठी, तो भरण्यासाठी बसवलेलाच नसतो. माणसाला पुन्हा मळ्यात लोटण्यासाठी घातलेले ते कुंपण होते.

व्यापाऱ्यावरही घाव घातला गेला, पण दुसऱ्या जागी. 1897 च्या परवान्याच्या कायद्याने दुकानाचा परवाना देणे न देणे शहराच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवले. त्यावर दाद मागायची ती त्याच शहराच्या कौन्सिलकडे, न्यायालयात नाही. कौन्सिलात बसलेले बहुधा गोरे दुकानदारच! व्यापाऱ्याची सारी उधारी, सारा माल त्या एका कागदावर उभा, आणि तो दर वर्षी नवा करून घ्यायचा. मजुराला कराने दाबले, व्यापाऱ्याला परवान्याच्या टांगत्या तलवारीखाली ठेवले.

येथे एक योगायोग आहे, त्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. 1894 मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. तिची वर्गणी महिना किमान पाच शिलिंग, म्हणजे वर्षाचे 3 पौंडच. व्यापाऱ्याला ही रक्कम सभासद होण्यासाठी सहज देता येई. गिरमिटियाला तेवढीच रक्कम केवळ मोकळेपणाने राहण्यासाठी द्यावी लागे, आणि ती देता येत नसे. काँग्रेसने कराविरुद्ध चळवळ केली हे खरे. आधी घाटत असलेल्या 25 पौंडांचे 3 होण्यात त्या चळवळीचा वाटा असावा, असे गांधीजींना वाटे. पण वर्गणी परवडत नसल्याने गिरमिटिये त्या संस्थेच्या बाहेरच राहिले, हेही त्यांनीच प्रांजळपणे नोंदविले आहे. बालसुंदरम् नावाचा मार खाल्लेला तमिळ मजूर फेटा हातात धरून त्यांच्या कचेरीत आला, तेव्हा कुठे त्या जगाचे दार थोडे किलकिले झाले.

ते दार पुरते उघडण्यात एका महाराष्ट्रीय पुरुषाचा हात लागला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1910 साली वरिष्ठ कायदेमंडळात ठराव आणून नाताळकडे जाणारी गिरमिटी मजुरांची भरती थांबविण्याची मागणी केली, आणि 1911 मध्ये ती थांबली. 1912 च्या अखेरीस ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. बोथा आणि स्मट्स यांची भेट घेऊन ते निघाले ते तीन पौंडांचा कर जाणार अशा समजुतीनेच. सरकारने शब्द फिरवला. तेव्हा गांधीजींनी 1913 च्या सत्याग्रहात हा प्रश्न घेतला, आणि न्यूकॅसलच्या खाणींतील मजूर संपावर गेले. 6 नोव्हेंबरला सीमा ओलांडून ट्रान्सवालमध्ये शिरलेल्या पदयात्रेत 2,037 पुरुष, 127 स्त्रिया आणि 57 मुले होती. पाठोपाठ किनाऱ्यावरचे ऊसमळे बंद पडले. लाठ्या चालल्या, गोळीबार झाला, माणसे मेली. 1914 च्या कायद्याने कर रद्द झाला.

याच वेळी नाताळ काँग्रेसमधील जुन्या व्यापारी पुढाऱ्यांशी गांधीजींचे फाटले आणि वेगळी संस्था काढावी लागली. यावरून ‘व्यापारी तेवढा भित्रा’ असा निकाल दिला तर आपण पुन्हा त्याच ‘रक्ता’च्या कोड्यात सापडू. ज्याचे सारे परवान्यावर अवलंबून, त्याचे पाऊल जपून पडते. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे फक्त मळ्यातले खोपटे, तो एका दिवसात उठतो. आणि याला अपवादही आहेत. ट्रान्सवालचे व्यापारी अहमद महंमद काछलिया यांच्यावर गोऱ्या सावकारांनी एकदम देणे मागून दडपण आणले, तेव्हा त्यांनी चळवळ सोडण्याऐवजी दिवाळे पत्करले.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. गिरमिटियांच्या मुलांनी पै पै जोडून जमिनी घेतल्या, शाळा उभारल्या. गिरमिटावर आलेले आणि रेल्वे स्टेशनवर हमाली केलेले एम. एल. सुलतान पुढे एवढे वर आले की त्यांच्या देणगीतून डर्बनला त्यांच्या नावाचे तंत्रविद्यालय उभे राहिले. व्यापाऱ्यांच्या पैशाचाही शिक्षणाला हातभार लागला. आणि 1950 च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने जेव्हा वर्णावर वस्त्या वाटल्या, तेव्हा भाजीवाल्याचा मळा आणि शेटजींचे घर यांत भेद केला नाही. ‘अरब’ आणि ‘कुली’ शेवटी एकाच रकान्यात बसले. तो कायदा 1991 मध्ये रद्द झाला आणि 1994 मध्ये सर्वांना मताधिकार मिळाला.

या साऱ्याचा इत्यर्थ काय? दोन समाजांची आर्थिक स्थिती ताडून पाहताना आपण पहिल्याने गुणांची चर्चा करतो; खरे तर आधी विचारायला हवे की कोण कोणत्या कागदावर उतरला, कोणाला उधारी मिळाली, आणि कायद्याने कोणाची कोणती नस दाबली. एवढे पाहिल्यावर गुणांसाठी जी जागा उरते ती दोन्ही समाजांना सारखीच द्यावी लागते.

ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा घातली, त्यांनी हिंदी लोकांच्या परदेशगमनावर 1893 सालीच निबंध लिहिला होता. त्यांच्याविषयीची एक आठवण गोखल्यांनी 1903 मध्ये धारवाडच्या भाषणात सांगितली आहे. दक्षिण आफ्रिकेतील जुलमाची हकीकत सांगून श्रोत्यांची मने पेटविल्यावर रानडे थांबले आणि त्यांनी विचारले, अस्पृश्यांना आपण येथे कसे वागवतो? परक्यावर रोखलेला झोत आत वळवा, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याही शहरांत आज ऊसतोडणीची उचल घेऊन, वीटभट्टीची उचल घेऊन दूरची माणसे येतात, आणि शेजारच्याच गल्लीत दूरचाच एखादा दुकानदार भरभराटतो. त्या दोघांविषयी ‘रक्तातच असावे लागते’ हे वाक्य ओठावर येईल तेव्हा, डर्बनच्या धक्क्यावर उतरलेल्या त्या दोघांचे कागद एकदा डोळ्यांपुढे आणावेत, एवढीच आमची विनंती आहे.