कुंपण कोणाचे?

कुंपण पिकाला राखते, तसे माणसाला कोंडूनही ठेवते. मग कोणती मर्यादा पाळावी? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आम्हाला याचे उत्तर सापडते.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. आपल्याला स्वतःची विवेकबुद्धी आहे, असे रमाबाईंनी १८८५ मध्ये पत्राने ठणकावून कळवले. देवाची आज्ञा त्यांना मान्य होती, पण माणसाचा शब्द म्हणजे देवाची आज्ञा नव्हे.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. तिथे प्रार्थना, शाळा आणि काम यांनी दिवस बांधलेला असे. मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. शिस्त होतीच, पण तिच्या आत भाकर होती, अक्षर होते, अब्रू सुरक्षित होती.

रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणले. साध्या बाईलाही देवाचे वचन स्वतः वाचता यावे, ही त्यांची तळमळ होती. स्वतः वाचणाऱ्या बाईला देवाच्या नावाने फसवणे अवघड असते.

आजही 'देवाला चालत नाही' म्हणून बायकांना अडवले जाते. तेव्हा आपण विचारू या: ही मर्यादा देवाची, की सांगणाऱ्याच्या सोयीची? तिच्या आत दुबळ्याला आसरा मिळतो का?